आधी घटस्फोट की आधी पैशांचा हिशेब? बीडच्या ऊसतोड जोडप्यांसाठी हा क्रम का महत्त्वाचा ठरतो

मार्च २०२५ मध्ये क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांचा घटस्फोट झाला. सोशल मीडियावर चर्चा रंगली ती ४ कोटी ७५ लाखांच्या आकड्याची. न्यायालयातला वाद मात्र आकड्यावर नव्हताच, तो तारखांवर होता.

दोघं जून २०२२ पासून वेगळे राहत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला आणि कायद्यातली सहा महिने थांबण्याची अट माफ करावी अशी विनंती केली. न्यायालयाने ती नाकारली. ठरलेल्या रकमेपैकी साधारण २ कोटी ३७ लाखच दिले गेले होते, हे त्यामागचं कारण. मुंबई उच्च न्यायालयाने १९ मार्चला हा आदेश फिरवला. दुसरा हप्ता घटस्फोटाच्या हुकुमानंतर द्यायचा असं करारातच लिहिलेलं होतं, त्यामुळे करार मोडलेला नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. आयपीएलचा हंगाम तोंडावर होता, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत निर्णय घ्यायला सांगण्यात आलं. २० मार्चला घटस्फोट झाला.

पैसे कधी द्यायचे हे कागदावर नेमकं लिहिलेलं असणं किती कामाला येतं, ते या प्रकरणात दिसलं. हाच प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एखाद्या ऊसतोड जोडप्यासमोर येतो तेव्हा रक्कम हजारांत असते आणि हंगाम क्रिकेटचा नसतो, गाळपाचा असतो. कायदा मात्र तोच असतो. फरक एवढाच की इथे चुकीच्या वेळी केलेल्या एका सहीने वर्षभराचं धान्य किंवा मुलांची शाळा जाऊ शकते.

दोन वेगळी घड्याळं

बहुतेकांचा समज असा असतो की आधी घटस्फोट मिळतो आणि मग पैसे मिळतात. प्रत्यक्षात ही दोन घड्याळं वेगवेगळी चालतात.

पहिलं घड्याळ नातं संपवण्याचं. संमतीने असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब लागू होतं. नवरा-बायको किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची. एकाची तयारी नसेल तर क्रूरता, सोडून जाणं अशी कारणं सिद्ध करावी लागतात आणि त्यात वर्षं जातात.

दुसरं घड्याळ खाण्यापिण्याच्या खर्चाचं, म्हणजे पोटगीचं. गावाकडे याला खावटी म्हणतात. यासाठी घटस्फोटाचा अर्ज करण्याचीही गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (१ जुलै २०२४ पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५) किंवा २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा यांखाली लग्न कायम असतानाही खर्च मागता येतो. घटस्फोटाची केस सुरू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालेपर्यंतचा खर्च आणि कोर्टखर्च मागता येतो.

म्हणून "घटस्फोट होऊ दे, मग बघू" असं म्हणून थांबणं महागात पडतं.

अर्जाची तारीख म्हणजे पैसा

याबाबतचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेलं "रजनेश विरुद्ध नेहा" हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. पोटगी निकालाच्या तारखेपासून द्यायची की अर्जाच्या तारखेपासून, यावर देशभर वेगवेगळे आदेश होत होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सगळ्या प्रकरणांत अर्जाच्या तारखेपासून.

याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने पाहता येतो. समजा, महिना ४,००० रुपये खावटी मंजूर झाली आणि निकालाला १८ महिने लागले. निकालाच्या दिवशी थकबाकी ७२,००० रुपये होते. त्याच बाईने "या सीझनला जाऊन येते, मग अर्ज करते" म्हणून सहा महिने उशीर केला, तर २४,००० रुपये गेले. ते परत मागता येत नाहीत.

बीडमध्ये हा उशीर नेमका हंगामामुळे होतो. दसरा-दिवाळीनंतर हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात परततात. भांडण फडावर होतं, बाई माहेरी येते, नवरा टोळीबरोबर पुढे जातो. नोटीस कुठे बजावायची हा प्रश्न खरा आहे. पण तो अर्ज थांबवण्याचं कारण नाही. अर्जात गावाच्या पत्त्याबरोबर कारखान्याचं नाव, टोळीचा मुक्काम आणि मुकादमाचं नाव-गाव दिलं तर नोटीस पोहोचण्याची शक्यता वाढते. ती उशिरा पोहोचली तरी अर्जाची तारीख बदलत नाही.

उचल कुणाची आणि फेडायची कुणी?

शहरातल्या घटस्फोटात फ्लॅट आणि गृहकर्जाची वाटणी होते. ऊसतोड कुटुंबात पहिला प्रश्न उचलीचा येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि दोघांच्या तोडणीतून ती फिटते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनामागे ३६६ रुपये झाला. हा दर जोडीच्या कष्टाचा आहे. उचल मात्र बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते.

हंगामाच्या मध्यावर जोडपं तुटलं की न फिटलेली उचल उरते. मग कधी मुकादम बाईच्या माहेरी येतो, कधी नवरा न्यायालयात सांगतो की "माझ्यावरच कर्ज आहे, खावटी कुठून देऊ?"

इथे तीन गोष्टी कामाला येतात. एक, निरोगी, धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना बायको-मुलांना पोसलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. दोन, बाई स्वतः कोयता चालवून कमावते एवढ्यावरून तिची खावटी बंद होत नाही. तिची कमाई पुरेशी आहे का, हे पाहिलं जातं. तीन, संमतीने वेगळं व्हायचं असेल तर उरलेली उचल कोण फेडणार हे करारात आकड्यासह लिहावं. ही ओळ नसेल तर घटस्फोट होतो, पण कर्जाची टांगती तलवार दोघांवर राहते.

शेतकरी कुटुंबासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र

नवऱ्याची कमाई सिद्ध कशी करायची? पगाराची पावती नाही, बँकेत नोंद नाही. यावर २०२० च्या त्याच निकालात उपाय आहे. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी सांगणारं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. त्यात जमीन किती, कोरडवाहू की बागायती, कोणती पिकं, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटईने घेतलेली जमीन, गाई-म्हशी-शेळ्या, जमिनीवरचं कर्ज हे सगळं भरावं लागतं.

अर्जदार हे अर्जासोबतच देतो. समोरच्याला उत्तर आणि प्रतिज्ञापत्र द्यायला जास्तीत जास्त चार आठवडे मिळतात. दोन्ही प्रतिज्ञापत्रं आल्यावर तात्पुरत्या पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तरी ही मुदत माहीत असेल तर वकिलाला विचारता येतं.

घर सोडण्याआधी किंवा सोडल्यावर लगेच जमवायचे कागद साधे असतात. सातबारा आणि आठ-अ, लग्नाचे फोटो किंवा पत्रिका, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र असेल तर त्याची प्रत, मुकादमाशी झालेल्या कराराचा किंवा उचलीच्या नोंदीचा मोबाईलवर काढलेला फोटो.

संमतीने होत असेल तर पैसे कधी घ्यायचे?

सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम १३-ब मधली सहा महिने थांबण्याची अट न्यायालय माफ करू शकतं. पण त्यासाठी समेटाचे प्रयत्न संपलेले असावे लागतात, आणि पोटगी, मुलांचा ताबा व बाकीचे वाद खरोखर मिटलेले असावे लागतात. म्हणजे पैशांचा हिशेब जितका पक्का, तितका घटस्फोट लवकर होतो.

त्याच निकालात ऊसतोड जोडप्यांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. पक्षकार स्वतः येऊ शकत नसेल तर न्यायालय व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरू शकतं किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यामार्फत बाजू मांडू देऊ शकतं. नवरा फडावर आहे म्हणून अख्खं प्रकरण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ढकलावंच लागेल असं नाही. परवानगी देणं न्यायालयाच्या हातात असतं, पण ती मागता येते.

करारनाम्यात कमीत कमी या गोष्टी तारखांसह असाव्यात:

- एकरकमी किती आणि महिन्याला किती
- पहिला हप्ता कधी, शेवटचा कधी, आणि हप्ता चुकला तर काय
- लग्नातले दागिने, भांडी आणि बाकीचं स्त्रीधन कधी परत मिळणार
- मुलं कुणाकडे राहणार आणि त्यांचा खर्च कोण, किती देणार
- उचल, बचतगटाचं कर्ज आणि इतर देणी कोण फेडणार
- एकमेकांवरच्या कोणत्या केसेस कधी मागे घ्यायच्या

हप्त्यांची विभागणी हंगामाला धरून करता येते. उदाहरणार्थ, एक हप्ता उचल मिळण्याच्या वेळी आणि एक पट्टा पडल्यावर. मात्र मोठा भाग दुसऱ्या वेळच्या संमतीच्या आधी किंवा त्याच दिवशी न्यायालयासमोर मिळावा, ही सावध पद्धत. कारण हुकूम होईपर्यंत दोघांनाही संमती मागे घेता येते. एकदा हुकूम झाला की हाती उरतो तो वसुलीचा मार्ग, आणि तो लांबचा असतो. पैसे रोख घेऊ नयेत. बँकेतून किंवा डिमांड ड्राफ्टने घेतले की पुरावा राहतो.

मुलांच्या खर्चाचा हक्क आईने सही करून सोडला तरी तो मुलांचा हक्क म्हणून उरतोच. परिस्थिती बदलली तर तो पुन्हा मागता येतो.

बाँडवरची फारकत चालते का?

गावात पंच बसतात, शंभर-पाचशेच्या बाँडवर "आजपासून संबंध नाही" असं लिहिलं जातं, नोटरीचा शिक्का पडतो आणि बाईच्या हातात काही रक्कम दिली जाते. बहुतेक प्रकरणांत हा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेल्या फारकतीला जागा आहे. पण आपल्या समाजात ती रूढी जुनी आणि सलग चालत आलेली आहे, हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही तर लग्न कायम धरलं जातं. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

पैशांच्या बाजूने धोका आणखी वेगळा आहे. "आम्ही आपसांत राजीखुशीने वेगळे राहतो" हे वाक्य बाँडवर असतं. लग्न कायम असताना दोघं परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर कलम १४४ खाली खावटी नाकारता येते. म्हणजे एका सहीने घटस्फोटही मिळत नाही आणि खावटीही अडचणीत येते. असा कागद आधीच झाला असेल तर तो लपवू नये. वकिलाला दाखवून, सही कोणत्या परिस्थितीत झाली हे अर्जातच सांगावं.

जमिनीत अर्धा वाटा मिळतो का?

नाही. आपल्याकडे घटस्फोट झाला की नवऱ्याच्या नावावरच्या मालमत्तेचे आपोआप दोन भाग होत नाहीत. सातबाऱ्यावर बाईचं नाव नसेल तर तिने त्या शेतात वीस वर्षं राबलेलं असलं तरी मालकी तिची होत नाही. याच अन्यायावर बोट ठेवून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावावर केला होता.

पण दोन वाटा आहेत आणि दोन्हींत वेळ महत्त्वाची आहे.

पहिली, बोजाची. कलम २५ खाली न्यायालय कायमस्वरूपी पोटगी ठरवताना तिच्या हमीसाठी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवू शकतं. तो सातबाऱ्याच्या इतर अधिकारात नोंदवून घेतला की जमीन परस्पर विकणं अवघड होतं. ही मागणी अर्जातच करायला हवी. हुकूम झाल्यावर, जमीन भावाच्या नावावर गेल्यावर नव्हे.

दुसरी, जमीन देण्याची. तडजोडीत नवरा काही गुंठे द्यायला तयार असेल तर महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहतं घर पत्नीला बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणी आणि इतर शुल्क वेगळं. ही सवलत पत्नीसाठी आहे. घटस्फोटाच्या हुकुमानंतर ती कायद्याने पत्नी राहत नाही, म्हणून दस्त त्याआधी नोंदवलेला बरा.

वारसाहक्काचंही तसंच आहे. हुकूम होण्याआधी नवऱ्याचा मृत्यू झाला तर ती विधवा म्हणून पहिल्या वर्गातली वारस असते. हुकूम झाला की हा हक्क संपतो. मुलांचा, मुलीसकट, वडिलोपार्जित जमिनीतला हक्क मात्र आई-वडिलांच्या घटस्फोटाने कमी होत नाही.

लग्न अठराच्या आत झालं असेल तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आधी झाल्याचं आढळलं. अशा मुलींसाठी तिसरं घड्याळही असतं आणि ते लवकर बंद पडतं.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार असं लग्न रद्द करून घेता येतं. मात्र सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे मुलीने वयाची २० वर्षं पूर्ण होण्याआधी अर्ज करायला हवा. याच कायद्यात मुलीला पुनर्विवाहापर्यंत खर्च देण्याची, राहण्याच्या सोयीची आणि लग्नात दिले-घेतलेले दागिने व पैसे परत करण्याची तरतूद आहे. मुलगाही अल्पवयीन असेल तर खर्च त्याच्या पालकांकडून घेतला जातो. विशी ओलांडली की हा रस्ता बंद होतो आणि नेहमीचा घटस्फोट उरतो.

मुस्लिम स्त्रियांसाठी

मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत १९८६ चा कायदा सांगतो की घटस्फोटानंतर इद्दतच्या काळातच वाजवी तरतूद केली पाहिजे. ती तरतूद पुढच्या आयुष्याचाही विचार करून असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केलं. शिवाय कलम १२५ खालची पोटगी त्यांनाही मागता येते, हे जुलै २०२४ च्या निकालाने पक्कं केलं.

हुकुमानंतरच्या तारखा

घटस्फोटाच्या हुकुमाविरुद्ध अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. ती संपेपर्यंत किंवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत दुसरं लग्न करू नये.

घटस्फोटाच्या वेळी पोटगी मागायची राहून गेली असेल तर सगळं संपलं असं नाही. कलम २५ नुसार हुकुमाच्या वेळी किंवा त्यानंतर कधीही अर्ज करता येतो. स्त्रीधन आणि लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निर्णय मात्र घटस्फोटाच्या हुकुमातच मागून घेणं सोपं असतं.

आणि सगळ्यात जास्त चुकणारी तारीख वसुलीची. कलम १४४ खाली मंजूर झालेली खावटी थकली तर ती थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. "सीझन झाला की एकदम देतो" यावर विसंबून दोन वर्षं गेली तर आधीच्या वर्षाची रक्कम या मार्गाने वसूल होत नाही. दर उन्हाळ्यात, नवरा गावात असताना, थकलेल्या महिन्यांचा अर्ज टाकणं हा साधा नियम ठेवता येतो.

कुठे जायचं, खर्च किती?

हिंदू विवाह कायद्यात १९ व्या कलमानुसार बाई सध्या जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो. कलम १४४ ची खावटीही ती राहते त्या ठिकाणी मागता येते. म्हणजे फड कोल्हापूरचा आणि सासर शेजारच्या जिल्ह्यातलं असलं तरी माहेर धारूर किंवा शिरूर कासारचं असेल तर तिथल्या न्यायालयात जाता येतं.

महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. त्यासाठी बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

क्रम एवढाच लक्षात ठेवायचा. कागद जमवा, खावटीचा अर्ज लगेच टाका, जमिनीवर बोजा मागा, तडजोड तारखांसह लिहून घ्या, ठरलेले पैसे खात्यावर आल्याचं पाहा, आणि शेवटची संमती मग द्या.